पिवळा की हिरवा

महाडच्या माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात बिरवाडीचे एक काका दर रविवारी घरच्या टाकीतलं पाणी तपासायला आणत. बाटली छातीशी धरलेली असे. मी काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचो. पाणी पिवळं राहिलं तर चांगलं, हिरवं झालं तर वाईट. काका नळीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत. मी सांगेन त्यावर मुकाट्याने मान डोलवत.

एकदा म्हटलं, "काका, किट घेऊन जा. घरीच तपासा."

"किट हाय घरी. पण मला हिरवा-पिवळा सारखाच दिसतो. रंग बायको सांगायची. ती गेली आता." बाटलीचं झाकण फिरवत ते म्हणाले, "एकदा सगळे मासे मेले, तवा तिलाच आंधळी बोललो मी."