मधे आक्का होती

त्या सकाळी आक्का पडवीत तांदूळ पाखडत बसली होती आणि मी आतल्या खोलीत आरशापुढे उभी होते. ती बाहेरून म्हणाली, "अगो, मी हितं जितीजागती बसलेय, आन तू माझी तब्येत त्या आरशाला विचारतेस?" मी हसले. तेच आमचं शेवटचं बोलणं. त्याला आता महिना होऊन गेला...

आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. मी मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याची. चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन इकडे शेणव्याला आले. बोलायला मी पहिल्यापासूनच भित्री. त्यात आमच्यात मोठ्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोरासमोर बोलायचं तर नाहीच. भाऊजींना काही विचारायचं झालं की मी आक्काला सांगायची, मग ते दोन हातांवर बसलेले का असेनात. "आक्का, चहा ठेवू का विचार." आक्का म्हणायची, "अवो, चहा ठेवू का विचारते ती." एकदा ती वैतागलीच. "देवानं दोघांना कान दिलेत ना? मला फुकटचा पोस्टमन केलाय."

गेल्या वर्षी तिचं काळीज मधेच भलतं जोरात धावायला लागलं. शहापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ठोक्यांवर लक्ष ठेवा, वाढले तर लगेच घेऊन या. भाऊजी मुरबाडला कारखान्यात वायरमन, दिवसभर घराबाहेर. त्यांनी आक्काच्या मनगटाला घड्याळासारखा पट्टा बांधला, आणि जुन्या टीव्हीचा पडदा नि काळी फिल्म लावलेली काच जोडून घरीच आरसा बनवला. कुंकू लावायला उभं राहिलं की आपलं तोंड दिसायचं आणि कोपऱ्यात आक्काच्या काळजाचे ठोके आकड्यांत दिसायचे. आकडे मला वाचता येतात, म्हणून बघायचं काम माझं. तेव्हापासून माझा जीव त्या कोपऱ्यात अडकला. भांडी घासतानाही मधेच उठून बघून यायची.

आकडा वाढला की भीती वाटायचीच, पण तो दिसेनासा व्हायचा तेव्हा जास्तच. कधी अचानक तिथं नुसत्या दोन रेघा यायच्या... मी धावत चुलीकडे जायची. आक्का मजेत भाकरी थापत असायची. पिठाच्या हातानं ती फोन लावायची. भाऊजी विचारायचे, "आरशामागचा दिवा लागतोय का?" आक्का मला विचारायची, मी काचेमागे वाकून सांगायची, आक्का त्यांना सांगायची.

"बंद करून चालू करायला सांग तिला."

"केला म्हनते."

"मग तुझ्या फोनचं ब्लूटूथ बघ."

"अवो, माझेच ठोके सापडत नायत आन मलाच कामाला लावता? भाकरी करपली माझी!"

भाऊजींनी वायर बदलली, काच दोनदा उघडली, वायफायचा डबा हलवला. आकडा जायचाच. शेवटी एका सुट्टीला ते चुलीपाशी आक्काजवळ बसून राहिले आणि मी आरशापाशी उभी राहिले. भाकरी थापायला आक्कानं बांगड्या वर सारल्या. पट्टाही त्यांच्याबरोबर वर गेला आणि एक बांगडी त्याच्याखाली शिरली. मी आतून ओरडले, "आक्का, गेला!" बिघाड सापडला.

भाऊजी म्हणाले, "त्या हातातल्या बांगड्या काढून ठेव."

आक्का उसळली. "तुमी जिते असताना? नाय काढायची."

"तुझ्या जिवासाठीच सांगतोय गो."

"आन मी तुमच्या जिवासाठी नाय म्हनतेय."

मग मी आक्काच्या कानात सांगितलं आणि तिनं ते त्यांना सांगितलं, की पट्टा खाली मनगटावर ठेवू, बांगड्या त्याच्या वर कोपराकडे, आणि मधे फडक्याची पट्टी बांधू. ते जमलं. पुढे आकडा कधी गेला नाही. तरी मी बघायची थांबले नाही.

त्या सकाळी तांदूळ पाखडायचा आवाज थांबला आणि आरशात दोन रेघा आल्या. मी पडवीत गेले. आक्का खांबाला टेकली होती, सूप मांडीवर कललं होतं. मी तिचा हात उचलला. फडकं जागेवर होतं, बांगड्या वर होत्या, पट्टा कातडीला नीट लागलेला होता... मी हाका मारल्या. मग तिच्या कमरेला खोचलेला फोन काढून लावला.

भाऊजींनी नेहमीसारखं विचारलं, "काय गो, दिवा लागतोय का?"

मी म्हणाले, "भाऊजी, मी बोलते."

फोनमधून नुसता यंत्रांचा आवाज येत राहिला. माझा आवाज ऐकला तेव्हाच त्यांना कळलं होतं.

शेजाऱ्यांनी जीप आणली, शहापूरला नेलं, पण उपयोग नव्हता. आक्का बांगड्यांसकट गेली.

भाऊजींनी आरशाची वायर काढून ठेवली आहे. तरी मी जाता-येता त्या कोपऱ्याकडे बघते. आमचे हे टेम्पो चालवतात, त्यांना यायला उशीर होतो. संध्याकाळी जेवायच्या वेळी घरात मी आणि भाऊजी दोघंच असतो. मी दारात उभी राहून विचारते, "वाढू का?" त्यांना ऐकू गेलेलं असतं. तरी ते लगेच बोलत नाहीत. आक्काला सांगायला जेवढा वेळ लागायचा, तेवढं ते थांबतात... मीही थांबते. मग ताटाकडे बघत ते म्हणतात, "वाढ."