उद्या सोनाराकडे जाण्याआधी

मैत्रिणींनो, आज सकाळी सातपाटीहून माझा धाकटा दीर बोईसरला आला. मी लग्न होऊन आले तेव्हा हा माझा पदर धरून फिरायचा.

बोटीचं इंजिन त्याने क्रेडिट कार्डावर दुरुस्त केलं होतं. वर्षभर मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरूनही कर्ज तेवढंच.

"वयनी, मच्छीमार सोसायटीचं कर्ज थोडं थोडं भरलं की फिटतं ना?"

"अरे, इथे तेवढ्यात जेमतेम व्याज भागतं."

मग तो म्हणाला, "बायकोला सांगितलंय, कर्ज फिटलं. मासळी विकून साठवलेले पैसे ती उद्या दागिन्यासाठी सोनाराला देणार हाय. तुमी बोलू नका."

"आज तूच सांग, नाहीतर मी सांगेन."

चहा न पिताच तो गेला. संध्याकाळ झाली, अजून त्याचा फोन नाही. जाऊबाईला मीच फोन करू का?