बत्तीस किलोबाइटांचं गाऱ्हाणं

पुण्याची नोकरी सोडून मी रत्नागिरीला परत आले ती एका अटीवर. अट माझीच होती. नाटे गावच्या तांडेलाचं, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचं, काम नारळी पौर्णिमेच्या आत जमलं, तर इथंच राहायचं. नाही तर गुपचूप बॅग भरायची. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते ‘बरं’ म्हणाले आणि फणसाच्या आठळ्या सोलत बसले. आई गेल्यापासून ते प्रत्येक गोष्टीला ‘बरं’च म्हणतात. मला त्याचा रागही येतो.

काम साधं होतं. बोटीच्या तळात पाणी साचायला लागलं की भोंगा वाजवणारा एक सर्किट बोर्ड करायचा. पण तांडेलाला भोंगा नको होता.

“भोंग्याने खलाशी उठत नाय, बाय. आयशीची हाक लागते.”

म्हणून त्याने स्वतःच्या आईची हाक मोबाइलवर रेकॉर्ड करून आणली. म्हातारी खणखणीत होती आणि एका दमात सगळ्या खलाशांचा उद्धार करत होती.

ही हाक बोर्डावरच्या चिपच्या फ्लॅशमध्ये भरायची होती. फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी लिहिलेलं न विसरणारी जागा. तिथं लिहायचं तर लॅपटॉपवरच्या डिबगरला, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला, आधी सगळं सांगावं लागतं. चिप कुठल्या कुळातली, म्हणजे ड्रायव्हर कोणता, जागा कुठून सुरू होते, लांबी किती. लग्न जमवतानाही इतकी चौकशी होत नाही. लांबी सांगितली नाही, तर डिबगर चिपलाच विचारतो. माझी चिप म्हणाली, बत्तीस किलोबाइट. तिच्या पाठीवर मात्र चौसष्टवाल्या चिपचं नाव छापलेलं. मी छापलेल्यावर विश्वास ठेवला आणि डिबगरला दटावून चौसष्ट लिहिलं. त्यानेही मुकाट्याने कळवलं की चिपचं म्हणणं बाजूला ठेवून तुमचं धरलं आहे. इतका आज्ञाधारकपणा आमच्या घरात आजवर कुणी दाखवलेला नाही.

लिहिणं अर्ध्यावर अडायचं. मी केबल बदलली, वेग कमी केला, ड्रायव्हरला शिव्या घातल्या. म्हातारी ‘मेल्यानू’पर्यंत यायची, गप्प व्हायची आणि बोर्ड ठप्प.

त्यात तांडेलाचा निरोप आला. बोटीवर चढणारी कुठलीही नवी वस्तू आधी देवळात गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला तिची राखण करायला सांगून, मगच चढते. इंजिन तसंच चढलं, शेगडीही तशीच. मी बोर्ड आणि बाबांना घेऊन नाट्याला गेले. वाटलं, नारळ ठेवू, हात जोडू, सुटू. पण गुरव चौकशीलाच बसला.

“ह्याची हद्द काय?”

“कसली हद्द?”

“ह्या चिपची. हद्द सांगल्याबगार गाऱ्हाणा घालायचा कसा? देव बाजूच्याचाच राखीत बसला तर?”

चिपलाही सुरुवात आणि शेवट असतो, हे मीच एकदा फुशारकीने तांडेलाला समजावलं होतं. त्याने ते इमानेइतबारे गुरवाच्या कानावर घातलेलं.

मी देव मानते की नाही, हे मलाच धड माहीत नाही. पण ‘चौसष्ट’ म्हणायला तोंड उघडलं आणि चिपचं ‘बत्तीस’ आठवलं. डिबगरशी खोटं बोलणं वेगळं. सगळे खलाशी हात जोडून उभे असताना खोटी हद्द सांगायची माझी छाती होईना.

“थांबा, मोजून सांगते,” मी म्हटलं.

देवळाच्या पायरीवर लॅपटॉप उघडला. चौसष्ट खोडलं आणि चिपची लांबी चिपलाच सांगू दिली. बत्तीस. बत्तिसातल्या अगदी शेवटच्या घरात एक आकडा लिहिला, परत वाचला. राहिला होता. त्याच्या पुढे लिहायला गेले, तर डिबगरने हात वर केले. पुढे घरच नव्हतं. कुणीतरी लहान चिपवर मोठीचं नाव छापून माझ्या गळ्यात मारली होती, आणि ती बिचारी पहिल्यापासून खरं सांगत होती.

म्हणजे म्हातारी मावणार नव्हती. तिला कापावी लागणार, हे ऐकून तांडेल गंभीर झाला. कुठली शिवी ठेवायची यावर सभामंडपात दोन तट पडले. शेवटी तांडेलच म्हणाला, “‘उठा रे’ येवढाच ठेव. बाकीचा आमाला पाठ हाय.”

मी कापलं, भरलं आणि पूजेच्या तांब्यातल्या पाण्यात बोर्डाचा सेन्सर बुडवला. गाभाऱ्याच्या तोंडाशी म्हातारी कडाडली, ‘उठा रे’. खांबाला टेकून पेंगणारा एक खलाशी ताडकन उभा राहिला. गुरवाने देवाकडे एकदा चोरून पाहिलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, ही जी बत्तीस किलोबाइटची जागा हाय, तिची पयल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत राखण कर.”

“व्हय म्हाराजा,” खलाशी म्हणाले. मी हसू दाबत होते.

एवढ्यात बाबा पुढे झाले आणि गुरवाच्या कानात काहीतरी बोलले. गुरवाने मान हलवली.

“आनि ही जी लेक घरी आलीय, तिला आता ह्याच हद्दीत ऱ्हाव दे.”

“व्हय म्हाराजा.”

सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. डोळे पुसायला काही सापडेना, म्हणून मी लॅपटॉपचं फडकं घेतलं.

घरी आल्यावर बॅग माळ्यावर टाकली. जेवताना बाबांना सांगितलं, राहतेय.

ते म्हणाले, “बरं.”