फुटाला एक इंच चढ

"उचलून वर नेणार असाल तर माझं नाव खोडून टाका," सरोजा म्हणाली आणि तिने आपली खुर्ची दाराकडे वळवलीसुद्धा.

आम्ही नव्या ऑडिटोरियमच्या मधोमध उभे होतो. भिंतींचं प्लास्टर अजून ओलं होतं. स्टेजवर सुतारांची ठोकाठोक चालू होती. मी, माझे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर श्रीनिवासमूर्ती आणि सरोजाचे वडील गणोजीराव मोहिते, तिघेही तिला थांबवायला पुढे झालो.

नीट सांगतो. ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या शेवटाची. बंगळुरात यशवंतपूरच्या पुढे आमचा सरकारी कारखाना आणि त्याची वसाहत. मी सांगलीहून नोकरीसाठी आलेला, सिव्हिल खात्यात असिस्टंट इंजिनिअर. कारखान्यात सिव्हिलवाला म्हणजे यंत्रं सोडून बाकी सगळ्याचा धनी. भिंती, रस्ते, गटारं आणि साहेबांच्या बंगल्यातला गळका नळ. गणोजीराव टूलरूमचे फोरमन. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी बोलत, पण त्यात कानडी अशी मिसळलेली की मला पहिले काही महिने निम्मं कळायचं नाही.

सरोजा त्यांची थोरली. विशीतली. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. गणोजीरावांनी सायकलची चाकं लावून तिला स्वतः खुर्ची करून दिली होती. चाकं हातांनी फिरवत ती सगळ्या वसाहतीत हिंडायची. आणि गायची! मराठी अभंग, देवरनाम म्हणजे कानडी भक्तिपदं, काय वाटेल ते. दरवर्षी ॲन्युअल डेला कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची गाण्याची स्पर्धा असे. ती कँटीनच्या हॉलमध्ये व्हायची. स्टेज वगैरे काही नाही. टेबलं बाजूला सारून जमखाना अंथरायचा, की झालं. सरोजा खुर्ची घेऊन यायची, सगळ्यांसारखी गायची, घरी जायची.

आता आम्ही झोकात ऑडिटोरियम बांधलं. साडेतीन फूट उंच स्टेज, दोन्ही बाजूंनी पायऱ्या, मखमली पडदा. स्पर्धा तिथेच घ्यायची ठरली.

"अगं, दोन मुलं तुला खुर्चीसकट उचलतील," मूर्तीसाहेब तिला समजावत होते. "पडदा पडलेला असतानाच. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मला दिसेल ना, सार," सरोजा म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. "अण्णा, लहानपणापासून मला लोक उचलतातच आहेत. लग्नात, देवळात, बसमध्ये. नको तेव्हा उचलतात, त्यांना हव्या त्या जागी ठेवतात. कुणी उचललं की माझा श्वास बिघडतो. मग सूर कुठला लागायला? कँटीनमध्ये मी गात होते की नाही? तुम्ही चांगला हॉल बांधलात आणि मला बाहेर काढलंत."

गणोजीराव "सरोजा, स्वल्प हळू बोल," म्हणाले. मला तर कानाखाली बसल्यासारखं झालं. राग आला. कुणावर ते विचारू नका.

"साहेब, रॅम्प करू," मी म्हणालो.

"उद्घाटन तोंडावर आलंय, मिस्टर देवधर."

"विंगमध्ये करू. आतल्या आत होईल."

विंग म्हणजे स्टेजच्या बाजूची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा. तिथे बसत असेल तर करा, म्हणून साहेबांनी मान डोलावली. रॅम्प म्हणजे उतरण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती किती तीव्र आहे ते आम्ही फुटाला किती इंच अशा भाषेत मोजतो. एक फूट पुढे गेलं की किती इंच वर चढलो, एवढाच त्याचा अर्थ. विंगची लांबी बघता फुटाला दोन इंच चढ बसत होता. त्याहून सौम्य करायचा तर रॅम्प भिंत फोडून बाहेर आला असता. मी फुटाला दोन इंचांचा काढला. मुनियप्पा मिस्त्रीने दगडाच्या लाद्या लावून तो हां हां म्हणता उभा केला.

मग लोड टेस्ट. नवीन बांधकामावर वजन टाकून ते टिकतं का हे बघायचं, ही आमची जुनी पद्धत. कारखान्यातली हातगाडी आणली, तिच्यावर वाळूची पोती रचली. चार खलाशांनी, म्हणजे अवजड माल हलवणाऱ्या गड्यांनी, "ऐलेसा" करत ती वर ओढली. दगडाला चरासुद्धा पडला नाही.

"फर्स्ट क्लास, सार!" मुनियप्पा म्हणाला. साहेबांनी सही केली. आम्ही सगळे खूष. संध्याकाळी सरोजाला बोलावलं.

ती आली, रॅम्पकडे बघून हसली, हात चोळले आणि चाकं फिरवायला लागली. अर्ध्यात पोचली असेल नसेल, खुर्ची मागे यायला लागली. तिने चाकं घट्ट धरली. हाताच्या शिरा तट्ट फुगल्या. शेवटी गणोजीरावांनी धावत जाऊन मागून खुर्ची पकडली.

ती खाली आली तेव्हा घामाघूम झाली होती. "गाडी कुणी ओढली होती?" तिने विचारलं.

"चार खलाशांनी," मुनियप्पा खालमानेने म्हणाला.

"सरी, ठीक आहे. मग ते चौघं माझ्याबरोबर स्टेजवर येणार का? एकाला तंबोऱ्याला बसवू, बाकीच्यांचं काय करायचं?"

खलाशी खो खो हसले. मला मात्र हसू येईना. कारण बाई बरोबर बोलत होती. आम्ही बघितलं काय, तर रॅम्प वजन पेलतो का. एकट्या माणसाला स्वतःच्या हातांनी चढता येतं का, हे आमच्या टेस्टमध्ये कुठे बसतच नव्हतं.

मूर्तीसाहेबांना ते पटेना. "सवय नाही तिला. प्रॅक्टिस केली की येईल. स्लोप बरोबर आहे, टेस्ट पास झालीय."

आता माझं डोकं फिरलं. नोकरी नवी, साहेब मोठे, पण जीभ कुठली ऐकते? "साहेब," मी म्हणालो, "तुम्ही रोज सकाळी टेनिस खेळता. दंड चांगले आहेत तुमचे. तुम्ही बसा खुर्चीत आणि दाखवा चढून."

सुतारांनीही हातोड्या थांबवल्या. मला वाटलं, झालं, आता सांगलीचं तिकीट काढायचं. साहेबांनी माझ्याकडे रोखून बघितलं, कोट काढला आणि मुनियप्पाच्या हातात दिला. "सरोजा, तुझी खुर्ची देतेस?"

गणोजीरावांनी तिला बाकावर बसवलं. साहेब खुर्चीत बसले. पहिले दोन-तीन हात मारले आणि झोकात निघाले. मग वेग मेला. मानेची शीर फुगली, टाय एका बाजूला गेला.

"सार, पुढे वाका! पुढे!" सरोजा बाकावरून ओरडत होती. "थांबू नका, थांबलात की संपलं!"

साहेब थांबले. खुर्ची सुसाट मागे. मुनियप्पाने साहेबांचा कोट टाकला आणि साहेबांना धरलं. तो नसता तर खात्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर थेट मागच्या भिंतीवर आदळले असते.

साहेब उठले, रुमालाने तोंड पुसलं, धुळीतला कोट उचलून झटकला. ते म्हणाले, "डिमॉलिश धिस थिंग." आणि जाता जाता सरोजाला म्हणाले, "तुझे दंड माझ्यापेक्षा चांगले आहेत, अम्मा."

देवा शपथ सांगतो, त्या दिवसापासून त्या माणसाबद्दल माझं मत बदललं.

आता प्रश्न असा, की चढ किती ठेवायचा? आमच्या पुस्तकांत गाड्यांचे, बैलांचे, मोटारींचे चढ होते. खुर्चीतल्या माणसाचा नव्हता. गणोजीरावांनी तोड काढली. कारखान्याच्या प्रत्येक शॉपच्या, म्हणजे विभागाच्या, दाराशी हातगाड्यांसाठी उतरण होती, आणि प्रत्येकीचा चढ वेगळा. "रविवारी शॉप बंद असतात. सरोजाला सगळीकडे चढवून बघू," ते म्हणाले.

रविवारी आमची वरात निघाली. सरोजा खुर्चीत, मी चढ मोजायची लेव्हल आणि फळी घेऊन मागे, मुनियप्पा खडू घेऊन माझ्या मागे. फाउंड्रीची उतरण तिला जमली नाही. प्रेस शॉपची जमली, पण वर पोचेपर्यंत तिला बोलवेना. "ही नको," ती धापा टाकत म्हणाली. "वर जाऊन गायचंय मला, निजायचं नाहीये." मग स्टोअर्सची उतरण आली. ती सरसर वर गेली, वर पोचल्या पोचल्या तिने एक तान घेतली आणि रिकाम्या स्टोअर्समध्ये ती अशी घुमली की वॉचमन धावत आला.

मी फळी टेकवून मोजलं. फुटाला एक इंच.

म्हणजे बेचाळीस फूट लांबी हवी. विंगमध्ये मरणाची अडचण. पण स्टेजच्या मागच्या बाजूला सीनरी आत घ्यायचं मोठं दार होतं. बाहेरून, भिंतीला लागून अर्धा रॅम्प वर न्यायचा, मध्ये सपाट जागा ठेवून वळवायचा आणि उरलेला अर्धा त्या दारापर्यंत. सपाट जागा किती मोठी हवी हे सरोजाने स्वतः खुर्ची गर्रकन फिरवून दाखवलं. तिथे दम खायला थांबता आलं पाहिजे, हेही तिनेच सांगितलं. कठडा किती उंच, तेही तिच्या हाताने ठरलं. मी नुसती रेघ ओढत गेलो.

हेड ऑफिसचे आर्किटेक्ट भडकले. बिल्डिंगचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, बिघडतं म्हणे. रस्त्यावरून रॅम्प दिसतो.

मूर्तीसाहेबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "दिसू दे." आणि फोन ठेवला.

मुनियप्पाने माणसं वाढवली. चाक घसरू नये म्हणून लाद्यांवर छिन्नीने बारीक टाके मारून घेतले. उद्घाटनाला सिमेंट जेमतेम वाळलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. नाव पुकारलं की स्पर्धक विंगमधून यायचा, नमस्कार करायचा, गायला बसायचा. सरोजाचं नाव पुकारलं. ती विंगमधून आली, नमस्कार केला आणि तंबोऱ्याकडे बघून मान हलवली. एवढंच. बाकीचे आले तशीच आली. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. गणोजीराव माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी माझं मनगट असं आवळलं की दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं. आणि गायली काय! आधी कानडी देवरनाम, मग अभंग. ज्यांना मराठीचा गंध नाही तेसुद्धा ताल धरून बसले होते.

पहिला नंबर तिचाच आला. परीक्षकांना दुसरं काही सुचण्यासारखं तिने ठेवलंच नव्हतं.

निकाल लागला तेव्हा ती खाली, पहिल्या रांगेच्या कडेला येऊन बसली होती. बक्षीस जनरल मॅनेजरांच्या हस्ते. नाव पुकारलं. टाळ्या सुरू झाल्या. जी.एम. भला माणूस. त्यांनी सरोजाची खुर्ची पाहिली, कप उचलला आणि तिला द्यायला स्वतः पायऱ्या उतरायला लागले. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. केवढा मोठेपणा, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

सरोजाने हात वर केला. "सर, प्लीज वेट. आय ॲम कमिंग."

जी.एम. दुसऱ्या पायरीवर थबकले. सरोजाने खुर्ची वळवली, बाजूच्या दाराने ती बाहेर गेली. टाळ्या थांबल्या. ती दिसेनाशी झाली. सगळा हॉल बसून राहिला. जी.एम. पायरीवर उभे, हातात कप. काय करावं त्यांना कळेना. मग ते पुन्हा वर चढले आणि स्टेजच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. आमचे जी.एम. कुणाची वाट बघत उभे आहेत, हे दृश्य कारखान्याने तोवर पाहिलं नव्हतं. बाहेरून चाकांचा आवाज येत होता, मध्ये वळणावर थोडा थांबला, पुन्हा सुरू झाला.

सरोजा विंगमधून आली. जी.एम.नी वाकून तिच्या हातात कप दिला. त्यानंतर काय झालं ते मी नीट पाहिलेलं नाही, कारण मला रडू आलं होतं. इंजिनिअर झालो म्हणून काय झालं? शेजारी मूर्तीसाहेब उभे राहून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत होते.

पुढच्या वर्षी ॲन्युअल डेच्या गाण्याला, नाटकाला नावं द्यायला नवीन मंडळी आली. कुबडीवर चालणारा एक पेंटर, त्याने नाटकात काम मागितलं आणि खलनायक असा रंगवला की पोरं त्याला वाटेत घाबरायची. स्टोअर्समधला, डोळ्यांनी अधू असलेला तबलजी. फाउंड्रीत पाय गमावलेला एक जण, त्याला आवाज बेताचाच होता, पण हौस दांडगी. तोही गायला, हरला, त्याला कुणी दया म्हणून नंबर दिला नाही. त्याने भांडून परीक्षकांना वात आणला. सगळ्यांसारखाच.

पुढे मी बऱ्याच इमारती बांधल्या. ड्रॉइंग हातात घेतलं की आधी विचारतो, इथे कोण येणार आहे? आणि त्यांना बोलावून घेतो, पाया खणायच्या आधी. नंतर बोलावलं तर तेच काम दोनदा करावं लागतं.