सालकीनचा कोल्हा

आज आत-बाशीच्या खोऱ्यात कुणाचं पोरगं पहिला ससा घेऊन आलं की त्याला आधी सालकीनच्या दारावरून मिरवतात. बाई आता आजी झाली, पण घोड्यावर बसली की पोरांना मागे टाकते. लहानपणी तर विचारूच नका. ओढ्याच्या काठाखाली कपारीत हात घालून ती मासा असा काढायची, की माशालाही पत्ता लागायचा नाही. फासे लावून चकोर धरायची आणि घरी येऊन आईच्या मांडीवर टाकायची. आई म्हणायची, "देवा, मी मुलगी मागितली होती, ही घार कुठून दिलीस?" पण मासे नि चकोर हा पोरखेळ झाला. आमच्याकडे शिकारी म्हणतात तो कोल्हा आणणाऱ्याला, आणि कोल्ह्यामागे पोरीबाळींना कुणी नेत नसे.

तिचा जीव होता बोरोनवर. बोरोन म्हणजे हिमवादळ. लांब पायांचा, काळाभोर तायगान कुत्रा, सालकीनने पिल्लापासून आपल्या रजईत वाढवलेला. पण नाव मोठं, लक्षण खोटं. तिचा बाप इसाबेक त्याला शिकाऱ्यांसोबत घेऊन गेला. कोल्हा उठला, बोरोन बाणासारखा सुटला, आणि अर्ध्या उतारावर थांबून मागे बघत बसला. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. मग काय, गावाला आयतंच सापडलं. "इसाबेक, तुझं वादळ कुठवर आलं रे?" जो तो विचारायचा.

इसाबेक उपास सोसेल, पण हसू सोसायचा नाही. तिरीमिरीत त्याने बाजारात शाम्बेतला शब्द देऊन टाकला. हा शाम्बेत बायकोचा लांबचा भाऊ, पलीकडच्या खोऱ्यातला मेंढीवाला; त्याने ना कुत्रा पाहिला होता, ना इसाबेकची पोरगी. "बर्फ बसलं की ये नि कुत्रा घेऊन जा. बांध मेंढवाड्याला. तोवर त्याने एक जरी कोल्हा धरला, तर मात्र तो माझा." तायगान पळायला जन्मतो. साखळीला बांधला की तो झुरून मरतो, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. सालकीन दोन दिवस जेवली नाही, पण दिलेला शब्द कोण मागे घेणार?

शाम्बेत यायचा त्या दिवशी पहाटेच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोरोन मागे बघतो, पण कुणाला बघतो? अरे, मला शोधतो! बाप घोडे बघायला गेला होता. तिने त्याची जुनी टोपी घातली, तोंडाला डोळ्यांपर्यंत फडकं गुंडाळलं आणि घोड्यावर टांग मारली.

टेकडीआड पोचते न पोचते तोच झुडपातून कोल्हा उठला. लालबुंद, शेपूट हातभर. बोरोन सुटला. सालकीनने घोडा त्याच्यामागे असा घातला, की बर्फ उडून डोळ्यांत गेलं. अर्ध्या उतारावर बोरोनने मान वळवली. "मी आलेय रे, पळ!" ती ओरडली. आणि मग तो पळाला, काय पळाला! कोल्ह्याने डावीकडे झुकांडी दिली, उजवीकडे दिली, झाडीत शिरला, काट्यात बोरोनचा कान फाटला, पण गड्याने पाठ सोडली नाही. ओढ्याच्या गोठलेल्या पात्रात त्याने कोल्ह्याची मान धरली. सालकीनने घोड्यावरून उडी टाकली, कुत्र्याच्या गळ्यात पडली आणि आनंदाने मोठमोठ्याने रडली.

आता फक्त घर गाठायचं होतं. पण खरी पंचाईत इथेच. शिकार घेऊन येणाऱ्याला वाटेत जो भेटेल आणि "शिराल्गा" म्हणेल, त्याच्या हवाली शिकार करायची, ही आमची रीत. नाही म्हणणाऱ्याच्या कुत्र्याचा पाय पुन्हा शिकारीला लागत नाही. म्हणून तिने गावची वाट सोडली. म्हाताऱ्या आशिमला लांबून बघून टेकडीला वळसा घातला, सरपणवाल्या बायका दिसल्या तर घोड्यावरून उतरून खडकामागे दडली. गावाबाहेरच्या पुलापाशी पोचली, आणि पुलावर समोरून एक अनोळखी घोडेस्वार. जाडजूड, मिशांवर बर्फ.

"शिराल्गा, पोरा!" तो लांबूनच म्हणाला.

सालकीनने लगाम खेचला. पळून जावं? घोडा तिचा चपळ होता, गडी लठ्ठ होता. तिने बोरोनकडे पाहिलं. तो फाटका कान हलवत शेपूट हलवत होता. त्याच्या पायावर तिच्या लबाडीचा शाप नको. ती उतरली आणि आपल्या हाताने कोल्हा त्याच्या खोगिराला बांधला.

"तुझ्या खोगिराचे बंद नेहमी रक्ताने भिजोत," माणसाने शिकाऱ्याला देतात तो आशीर्वाद दिला आणि ऐटीत गावाकडे निघाला.

ती पुलावरच बसून राहिली. आता बापाला काय दाखवणार? कोण विश्वास ठेवणार? बऱ्याच वेळाने बोरोनच कुडकुडायला लागला, तेव्हा उठली.

अंगणात परका घोडा उभा होता. आतून मोठ्याने बोलणं ऐकू येत होतं. चहा, बोरसोकचे वडे, आणि शाम्बेतमामांची टकळी.

"तुझा कुत्रा मेंढ्या राखेल तेवढं पुरे, इसाबेक. कुत्रा म्हणावा तर आज पुलावर बघितला तो. काळाभोर, कान फाटलेला, नुसती वीज! एवढंसं पोरगं होतं बरोबर, टोपीत बुडालेलं. शिराल्गा म्हटल्याबरोबर हू की चू न करता कोल्हा बांधून दिला. असा कुत्रा माझा असता ना, तर बदल्यात घोडा दिला तरी सोडला नसता."

सालकीनने दार ढकललं. तिच्या पायांतून बोरोन आत घुसला आणि कोपऱ्यातल्या कोल्ह्याला नाक लावून उभा राहिला. शाम्बेतमामांच्या हातातला वाडगा तिथल्या तिथे राहिला.

"टोपी काढ, सालकीन," इसाबेक म्हणाला. तिने काढली. दोन वेण्या खाली आल्या.

शाम्बेतमामा खाकरले. "हे बघ, इसाबेक, कोल्हा परत घे. कुत्र्याचं आपण…"

"शिराल्गा परत घेत नसतात, आणि कोल्हा कुणी धरला ते तूच तुझ्या तोंडाने सांगितलंस." इसाबेक आता हसत होता. "आता सरक जरा. शिकारी आलीय. तिला वर, मानाच्या जागी बसू दे."

शाम्बेतमामा सरकले.