उजवीकडची सीट

दातांच्या लॅबमध्ये एकतीस वर्षे कवळ्या घडवल्या की बोटांना एक खोड जडते: केसभर फरकही त्यांना खुपतो. ताईंची ही खोड बोटांपुरती राहिली नव्हती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबात नाव घातले, तेव्हा अर्जातल्या 'उड्डाणाचा हेतू' या रकान्यात इतरांसारखे 'छंद' न लिहिता त्यांनी 'शिकणे' असे लिहिले. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर त्या पंखाला टेकून रडल्या, असे क्लबात आजही सांगतात. लॉगबुकातली त्या दिवसाची नोंद वेगळे सांगते: 'वारा डावीकडून. चाके मधल्या रेषेच्या तीन मीटर उजवीकडे टेकली. पुन्हा करणे.' रडून आलेल्या माणसाचे हे अक्षर नव्हे.

विमान निम्मे त्यांचे होते, निम्मे कॅप्टनचे. कॅप्टन म्हणजे बाथरूमच्या टाइल्सचे दुकान चालवून निवृत्त झालेला गृहस्थ. खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला पांढरा शर्ट त्याने स्वतःच शिवून घेतला होता, आणि तो पाहून लोकांनी चेष्टेने दिलेले नाव मानाचे म्हणून स्वीकारले होते. विमान कापडी पंखांचे, दोघांनी ढकलले की हँगरबाहेर येणारे. डावीकडे चालवणारा, उजवीकडे सोबती. तेरा वर्षांत ताईंच्या उजवीकडे लॅबचे मालक बसले, शेजारीण बसली, पोस्टमनसुद्धा बसून गेला. बसली नव्हती ती फक्त धाकटी.

धाकटी ही त्यांची सख्खी बहीण, नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिच्या सासरच्यांशी बोलणी करण्यापर्यंत सगळे ताईंनी केले. त्यापायी ताईंचे लग्न राहून गेले, असे नातेवाईक म्हणत. ताई म्हणत, राहून गेले नाही, नको होते. यातले खरे कोणते, याला पुरावा नाही. एवढे मात्र नक्की की, जिला बोट धरून चालवले तिने एकदा आपल्या शेजारी बसून वरून खाली पाहावे, या इच्छेने त्यांना पछाडले होते.

"तुझ्यावर विश्वास आहे गं, तुझ्या वयावर नाही," धाकटी म्हणायची. "खऱ्या डॉक्टरचा कागद आण. त्या दिवशी बसते. शप्पथ!"

इथे नियम सांगणे भाग आहे. असली छोटी विमाने चालवणाऱ्याला वैद्यकीय तपासणीची सक्ती नव्हती. दरवर्षी 'माझी प्रकृती उड्डाणास योग्य आहे' असे लिहून सही करायची, दुसऱ्या एका सभासदाने 'माझ्या माहितीप्रमाणे हे खरे आहे' म्हणून साक्षीची सही करायची, की झाले. मात्र एखाद्याने आपण होऊन वैमानिकांच्या डॉक्टरकडे तपासून घेतले आणि डॉक्टरने नकार दिला, तर पुढे त्याच्या स्वतःच्या सहीला काडीची किंमत उरत नसे. म्हणून क्लबात नव्या माणसाला धावपट्टी दाखवण्याआधी बजावले जाई: त्या डॉक्टरची पायरी चढायची नाही.

ताईंना हे पाठ होते. तरी त्या गेल्या. आपल्यात खोट नाही याची त्यांना खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाने तपासणीला भ्यावे हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते.

डॉक्टरने हृदयाच्या आलेखाची पट्टी दोनदा पाहिली. मधूनच एक ठोका चुकत होता, बहुधा जन्मापासून.

"घाबरण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "नव्वदीपर्यंत आरामात जगाल. गोळीसुद्धा नको."

"आणि विमान?"

"ते नाही जमणार. हे यादीत आहे."

"तेरा वर्षं चालवतेय मी."

"आणखी तेरा चालवलं असतंत. तुम्ही विचारलंत, बाई. विचारलंत म्हणून मला लिहावं लागतंय."

त्यांनी दोनदा अपील केले, दोन्ही फेटाळले गेले. दुसऱ्या पत्रात त्यांचे वय एका वर्षाने चुकले होते. ताईंनी ते लाल शाईने दुरुस्त करून पत्र परत पाठवले. त्याला उत्तर आले नाही.

पुढच्या महिन्यात क्लबाचा वार्षिक मेळावा होता. सभासदांचे नातेवाईक विमाने पाहायला येत, आणि त्याच सकाळी वर्षाचे फॉर्म भरले जात. ताईंचे मन रमावे म्हणून धाकटीही आली होती, आणि कधी नव्हे ती गप्पगप्प होती. कॅप्टनने आपला फॉर्म ताईंपुढे सरकवला.

"करा सही, ताई. नेहमीसारखी."

ताईंनी पेन उचलले नाही. दोन वर्षांपूर्वी हँगरमध्ये, चाकात हवा भरता भरता, कॅप्टन त्यांच्यासमोर कोसळला होता. चाळीस सेकंद, ताईंनी घड्याळ पाहिले होते. शुद्धीवर येताच तो आधी इकडेतिकडे बघून म्हणाला होता, "ऊन लागलं. कुठे बोलू नका." हँगरमध्ये ऊन नव्हते. ताई बोलल्या नाहीत. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी साक्षीची सहीही केली होती.

"एकदा कुणाला तरी दाखवून या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या घरच्या डॉक्टरला दाखवा. मग करते."

"आणि तुमच्यासारखा घरी बसू?"

"मी नाही करणार सही."

"म्हणजे गेली दोन वर्षं मी ठणठणीत, आणि तुमचं लायसन गेल्याबरोबर आजारी?" कॅप्टनचा आवाज चढला. "तुम्हाला मिळेना म्हणून मलाही नको. सरळ बोला ना, ताई!"

लायसन हातात असते तर यंदाही सही केली असती का, हे ताईंनी आठवडाभर स्वतःला विचारून पाहिले होते. केली असती.

"द्या इकडे तो कागद," म्हणत सेक्रेटरीने फॉर्म ओढला आणि मजकूर न वाचताच सही ठोकली. "कॅप्टन, मेलात तर मला कळवू नका हं!"

सगळे हसले. कॅप्टनही हसला, आणि तेवढ्याच मोकळेपणाने धाकटीकडे वळला. "चला बाई, तुम्हाला एक चक्कर मारून आणतो. ताईंचंच विमान आहे, निम्मं का होईना."

"यांचे कागद बरोबर आहेत ना?" धाकटीने विचारले.

"आत्ताच झालेत. शाई ओली आहे अजून," सेक्रेटरी म्हणाला.

ताईंनी तिला दंडाला धरून पेट्रोलच्या पिंपांमागे नेले आणि सगळे सांगितले. धाकटीने शांतपणे ऐकून घेतले.

"हे झाल्यावर तू बसलीस त्यांच्या शेजारी?"

"बसले."

"कितीदा?"

ताईंना खोटा आकडा सांगता येत नव्हता. "अकरा वेळा."

"मग?"

"काही झालं तर मला उतरवता येतं. तुला येत नाही." ताईंनी तिचा दंड अजून सोडला नव्हता. "डॉक्टरचा कागद हवा होता ना तुला? त्यांच्याकडे नाहीये."

"तुझ्याकडे आहे. काय उपयोग झाला त्याचा?" धाकटीने दंड सोडवून घेतला. "ताई, तू अशी नव्हतीस गं."

ती गेली. ताई मागोमाग गेल्या. कॅप्टन सोबत्याचा पट्टा नेहमी सैल ठेवतो, हे त्यांना माहीत होते. त्यांनी वाकून तो आवळला, कडी दोनदा ओढून पाहिली आणि दार लावले.

सव्वीस मिनिटे त्या धावपट्टीच्या कडेला उभ्या होत्या. क्षणभर, एकच क्षण, इंजिनाचा आवाज मंदावला तेव्हा त्यांच्या मनात भीतीआधी दुसरेच काहीतरी उसळले. ते काय होते, हे त्यांनी स्वतःलाही कधी सांगितले नाही. विमान चार मीटर डावीकडे टेकले, दोनदा उसळले आणि थांबले. काहीही झाले नव्हते.

धाकटी खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "ताई! किती सोपं असतं गं हे! उगाच इतकी वर्षं घाबरत बसले."

"बघा, जिवंत परत आणली," कॅप्टन सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. मग रुमालाने मान पुसत ताईंकडे वळला. त्या दोघांनी एकाआड एक रविवार वाटून घेतले होते. "पुढचा रविवार तुमचा ना, ताई? तुम्हाला आता काय करायचाय तो? यांची मुलं म्हणे कधीची मागे लागली आहेत. नेऊ का मी?"

दहाबारा माणसे ऐकत होती. ताईंनी नाही म्हटले तर बाई कशी आहे हे प्रत्येकाने आधीच ठरवून ठेवले होते.

"न्या," ताई म्हणाल्या.

धाकटीने त्यांच्या गळ्यात हात टाकला. "आता शोभलीस माझी ताई."