लासूरजवळच्या गायरानात मेंढ्यांनी मोजलेली वाट

"ताई, रविवारी ग्रामसभा हाय. सोलरला ना-हरकत मिळाली की दिवसा लाईट! तू ये, बघ, तुझ्या ब्लॉगात टाक." माझ्या भावाचा, दत्ताचा, फोन. दत्ता शेतकरी, शिवाय ग्रामपंचायतीचा सदस्य. शेतीची लाईट अर्ध्या रात्री येते म्हणून कांद्याला पाणी द्यायला तेव्हाच उठतो. एकदा मोटरीच्या पेटीत नाग निघाला, तेव्हापासून तो घरी येईपर्यंत वहिनीच्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हटलं, जायचंच!

संभाजीनगरहून लासूर स्टेशनला जाणार असाल तर माझं ऐका, सकाळची पॅसेंजर धरा. तिकीट अगदी किरकोळ. खिडकी उजवीकडची पकडा, दौलताबादचा किल्ला निवांत बघता येतो. लासूरला उतरलं की मार्केटात कांद्याच्या गोण्यांची थप्पी आणि शेजारी गरम भजी. पोट भरून घ्या, कारण गावाकडची जीप शेवटचं माणूस कोंबल्याशिवाय हलत नाही. मी अर्धा तास ड्रायव्हरचं डोकं खाल्लं, काही उपयोग झाला नाही.

ग्रामसभा चारला होती. वहिनीच्या हातचं भरीत-भाकरी खाऊन तीनच्या आधी दत्ताबरोबर गायरानावर गेले. मुरमाड माळ, पलीकडच्या कडेला पाझर तलाव. कंपनीचा इंजिनिअर नकाशा पसरून उभा होता. चारी बाजूंनी तारेचं कुंपण, आत पॅनल, इथली वीज थेट गावच्या मोटरींना. पूर्वी असा कागद वर्षानुवर्षं फिरायचा, आता सगळं भराभर होतं म्हणे. मला तर भारीच वाटलं. कुठल्या कुठल्या देशांतून तेल-कोळसा आणायचा, तिकडं भांडण लागलं की इकडं आपण घाबरायचं, त्यापेक्षा हे बरं नाही का? दत्ता तर हवेतच होता. "सूर्याला कोणाची परमिशन लागती का, ताई?"

तेवढ्यात मेंढ्या आल्या. पन्नासेक असतील, आणि मागं सरजामावशी. धनगराच्या घरातली साठीची बाई, काठी खांद्यावर. दर उन्हाळ्यात रान मोकळं झालं की दत्ता त्यांच्या मेंढ्या शेतात बसवतो. मेंढ्यांच्या लेंड्यांनी रानाला खत मिळतं आणि मावशींना ज्वारी. आमच्या वडिलांपासूनची ही रीत.

मावशींनी जमिनीत ठोकलेल्या खुंट्या पाहिल्या. "दत्ता, कुंपण कुठवर येणार रं?"

"सगळीकडनं, मावशी."

"आन् माझी जित्राबं पाण्याला कुठून जायची?"

इंजिनिअरनं नकाशा उलटापालटा केला आणि माझ्याकडं वळला. "मॅडम, ह्याच्यावर वाटच नाही. मोकळी जागा दाखवलीय." आणि त्यावर गावच्या वाटा भरून दिल्या होत्या कोणी? आमच्या दत्तूशेठनी! जिच्यावरून बैलगाडी जात नाही तिला आमच्याकडं वाट म्हणून कोणी धरतच नाही. रोज मेंढ्या जाताना पाहूनही त्यानं तिथं कोरी जागा ठेवली होती.

"मावशी, आता खोडा नका घालू," दत्ता चिडला. "लांबनं रस्ता हाय की डांबरी."

"व्हय, हाय. ट्रकाखाली घालू का कोकरं?" मावशींचा आवाज चढला नाही. "तुझा सोलर होऊ दे बाबा, लई चांगलं. तू रात्रीचा रानात नाय जाणार, मला आनंदच हाय. पर पाणी तुटलं तर मला मेंढरं इकावी लागतील. मग तुझ्या रानात काय बसवशील?"

मला रागच आला दत्ताचा, आणि तसं तोंडावर सांगितलं. "लाज वाटू दे रे जरा!" तो पायानं माती उकरत राहिला.

मग तोच म्हणाला, "साहेब, एका कडेनं वाट सोडता येईल का?"

"येईल. एक रांग कमी होईल. पण किती रुंद, ते आजच लिहायला पाहिजे." साहेबांनी टेप काढला.

मावशी हसल्या. "ती पट्टी ठेवा. मी मेंढ्या सोडते, बघा किती लागतं ते."

त्यांनी जिभेनं आवाज काढला आणि कळप उत्तरेच्या कडेनं तलावाकडं निघाला. अंग अंगाला घासत, मधूनच एखादी बाहेर, पुन्हा आत. आखणीसाठी पंचायतीतून आणून ठेवलेली फक्कीची पिशवी दत्तानं उचलली आणि तो कळपाच्या दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ मारत पळत सुटला. धापा टाकत होता, शर्ट पांढराफटक. इंजिनिअरनं दोन रेघांमधलं अंतर मोजून नकाशावर लिहिलं. चारला ग्रामसभा झाली, दत्तानं स्वतः वाटेची अट वाचून दाखवली, आणि ना-हरकत त्याच दिवशी गेली. एक दिवसही लांबलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परत आले. जायचं असेल तर गायरान बघायला जरूर जा, गावात कोणीही रस्ता दाखवेल.

आठवड्यानं दत्तानं सुधारलेला नकाशा मोबाईलवर पाठवला. वाट आहे त्यावर. दत्ता खूश, वहिनी खूश, मीही खूश आहे आणि ही वीज लवकर यावी असंच मला मनापासून वाटतं. पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. त्या दुपारी मावशी मेंढ्या घेऊन तासभर उशिरा आल्या असत्या, तर माझ्या भावानं त्यांचं पाणी तोडलं असतं, आणि मी तिथं उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या.